प्रश्न वाचकांचे: सहापेक्षा जास्त तारांची गिटार

गिटारवरच्या पत्रांपैकी सीमाभागातून आलेली आठ पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कुणाची गिटार बारा तारांची आहे, कुणाची सातची, कुणाला तरफा (सतारीसारख्या, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) बसवायच्या आहेत. पण अडचणींचं मूळ बहुतेक ठिकाणी एकच निघतं, ते म्हणजे तारांचा ताण. तारेची लांबी, तिची जाडी आणि तिला लावलेला सूर या तिघांवर तो ठरतो. त्याच तारेचा सूर अर्ध्या स्वराने उतरवला की ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण स्वराने उतरवला की २१ टक्क्यांनी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, खाली पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

माझ्याकडे बारा तारांची जुनी ॲकॉस्टिक गिटार आहे. तिसऱ्या जोडीतली पातळ तार सूर लावतानाच तुटते, कधी तर सेट बदलला त्याच दिवशी. त्या जागी जाड तार घातली तर टिकेल का? — एक वाचक, खानापूर

नुसती जाड तार घालून टिकणार नाही. बारा तारांच्या गिटारमध्ये खालच्या चार जोड्यांत (ई, ए, डी, जी) एक तार नेहमीची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली असते. बी आणि वरची ई या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. त्यामुळे जीच्या जोडीतली पातळ तार ही अख्ख्या गिटारवरची सगळ्यात चढी तार ठरते. वरच्या ईपेक्षाही ती तीन फ्रेट (नेकवरच्या आडव्या पट्ट्या) वर असते. लांबी तेवढीच आणि सूर सगळ्यात वरचा, म्हणून पोलाद आपल्या सहनशक्तीच्या सगळ्यात जवळ जातं ते इथेच.

आता जाडीचं. तार जाड केली की तिची ताकद वाढते, पण तोच सूर गाठायला ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. म्हणून साधी पोलादी तार ज्या सुरावर तुटते तो सूर तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसतो. तो लांबीवर आणि पोलादाच्या प्रतीवर ठरतो. उपाय म्हणजे सूर उतरवणं. अख्खी गिटार एक पूर्ण स्वर खाली लावा, म्हणजे डी ते डी, आणि नेहमीच्या पट्टीत वाजवायचं असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. तिसऱ्या जोडीत ०.००८ ऐवजी ०.००९ इंचाची तार घाला. एक स्वर उतरवलेल्या ०.००९ तारेचा ताण पूर्ण सुरातल्या ०.००८ तारेएवढाच येतो, साधारण पावणेसात किलो. म्हणजे आवाज बारीक होत नाही आणि पोलादावरचा भार मात्र एकपंचमांशाने हलका होतो.

तरीही तुटत असेल तर तुटलेल्या तारेचं टोक नीट बघा. तार कुठे तुटली यावरून कारण कळतं.

नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, तुटत असेल तर खाच अरुंद आहे. सूर लावताना तार अडकते आणि ‘टक्’ असा आवाज करून एकदम पुढे सरकते. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. तेवढ्याने सुटलं नाही तर नटच्या बारीक कानशीने खाच किंचित रुंद करा, खोल नाही. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाला धार आहे. ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून भोकाची कड मारा, आणि तारेला चार-पाच वेढे येतील एवढी लांबी ठेवा. ब्रिजपाशी तुटत असेल तर बॉलजवळची पीळ घातलेली तार सॅडलवर (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीवर) तर येत नाही ना, हे पाहा. मधूनच तुटली तर बहुतेक वेळा गंज असतो. खानापूरच्या पावसात उघड्यावर टांगलेल्या गिटारच्या पातळ तारा फार लवकर खरखरीत होतात.

सुटी तार मिळाली नाही म्हणून गिटार अडून राहू देऊ नका. सतारीच्या तरफांची साधी पोलादी तार याच जाडीत येते आणि मिरज आपल्यापासून लांब नाही. तार घेण्याआधी मायक्रोमीटरने मोजून घ्या: ०.००९ इंच म्हणजे ०.२३ मिलिमीटर. तुटलेल्या तारेचा पितळी बॉल जपून ठेवलेला असेल तर नवी तार त्यातून ओवून दहा-बारा घट्ट वेढे मारले की काम झालं.

सूर लावताना आधी सहा मुख्य तारा लावून घ्या, मग एकेक जोडीदार. ज्या तारेचा सूर लावायचा नाही ती बोटाने दाबून गप्प ठेवा. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला तर पुरता उतरवून पुन्हा चढवा. बारा तारा झाल्या की पुन्हा पहिलीपासून एक फेरी घ्या, कारण शेवटच्या तारांनी नेक ओढलेली असते आणि पहिल्या तारा उतरलेल्या असतात.

आमच्या भजनी मंडळात एक तरुण बारा तारांची गिटार घेऊन येतो. हार्मोनियमबरोबर कधी सूर जुळतो, कधी कर्कश वाटतं. गिटार कशी लावावी, काय वाजवावं? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

प्रश्न मोलाचा आहे, कारण भजनात ही गिटार खरोखर शोभते. जोडतारांचा आवाज तंबोऱ्याच्या अंगाने जातो. फक्त तिच्याकडून तंबोऱ्याचंच काम करून घेतलं पाहिजे.

आधी सूर. मोबाईलच्या ट्यूनरवर गिटार लावून यायचं आणि मग पेटी चुकीची वाटते म्हणायचं, असं करू नये. जुन्या पेट्यांच्या पट्ट्या ४४० च्या मापाला (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) असतीलच असं नाही. पेटीवर षड्ज धरा, ट्यूनरमधला ४४० हा आकडा एकेक करून वरखाली सरकवा आणि काटा मध्यावर आला की त्याच मापावर सगळ्या तारा लावा.

गिटार वर सांगितल्याप्रमाणे एक स्वर खाली लावली आहे असं धरून पट्ट्या सांगतो. पांढरी ५ हवी असेल तर कॅपोशिवाय एचा आकार (म्हणजे ए कॉर्डची बोटं). काळी ४ ला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि एचाच आकार. काळी १ ला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डीचा आकार. काळी ५ ला कॅपो नको, सीचा आकार. पांढरी ४ ला कॅपो नको, जीचा आकार. काळी २ ला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि ईचा आकार. एवढ्यात बहुतेक मंडळांच्या पट्ट्या येतात. कॅपो बारा तारांसाठीचाच घ्या. साध्या कॅपोचा दाब जोडीतल्या पातळ तारेवर पुरेसा पडत नाही, कारण शेजारची जाड तार त्याला उचलून धरते. कर्कशपणाचं अर्धं कारण अनेकदा हेच असतं.

उरलेलं अर्धं कारण गांधार. कॉर्डमध्ये शुद्ध किंवा कोमल गांधार ठोकला की रागाच्या गांधाराशी त्याचं भांडण होतं, आणि जोडतारांमुळे ते दुप्पट ऐकू येतं. म्हणून गांधार गाळा. डीच्या आकारात दोन्ही ई जोड्या बंद ठेवा, ए मोकळी, डी मोकळी, जी दुसऱ्या फ्रेटवर आणि बी तिसऱ्या फ्रेटवर: पंचम, षड्ज, पंचम, षड्ज. एच्या आकारात ए मोकळी, डी आणि जी दुसऱ्या फ्रेटवर, वरची ई मोकळी आणि बी बंद. बी मोकळी राहिली तर रिषभ वाजत राहील. मालकंसातली रचना असेल तर पंचम चालणार नाही. तेव्हा डीच्या आकारात ए बंद करा आणि जी मोकळी सोडा, म्हणजे षड्ज-मध्यम मिळतो. कॅपो असला तरी हे आकार कॅपोपासून मोजायचे.

वाजवताना पातळ पिक घ्या, ०.६ ते ०.७ मिलिमीटरचं, आणि भोकापेक्षा नेककडच्या बाजूला झंकारा. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर एकेक झंकार पुष्कळ झाला. लग्गी सुरू झाली की हात थांबवा. टाळांचा आवाज आणि पातळ तारांचा आवाज वरच्या एकाच पट्ट्यात येतात. तिथे गिटार वाढवली की शब्द हरवतात, आणि भजनात शब्द हरवून चालत नाही.

साध्या सहा तारांच्या गिटारला आणखी सहा खुंट्या बसवून बारा तारा करता येतील का? सुतार तयार आहे. — एक वाचक, निपाणी

करू नका. सहा तारांचा १२-५३ सेट (सगळ्यात पातळ तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३) नेक आणि ब्रिज मिळून साधारण ७४ किलोने ओढतो. बारा तारांचा हलका, १०-४७ सेट पूर्ण सुरात ११४ किलोच्या आसपास जातो. सहा तारांच्या गिटारची वरची फळी, तिच्या आतल्या पट्ट्या, ब्रिजखालची पाटी आणि नेक, काहीच त्या ओढीसाठी केलेलं नसतं. शिवाय नट लागतो ४७-४८ मिलिमीटरचा आणि तुमची नेक असेल ४३ ची. जोड्या एकमेकींना चिकटतील.

त्याऐवजी बाराच्या सेटमधल्या फक्त पातळ तारा सहा तारांच्या गिटारवर चढवा. जाडी अशी: वरून ई ०.०१०, बी ०.०१४, जी ०.००९, डी ०.०१२, ए ०.०१८, ई ०.०२७ इंच. पहिल्या दोन नेहमीच्या सुरात, बाकीच्या चार एक सप्तक वर. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. एकूण ताण ५५ किलोच्या आसपास, म्हणजे गिटारला उलट आरामच. ताण घटल्यामुळे नेक मागे जाऊन तारा खरखरल्या तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा सैल करा. जुन्या रुंद खाचांत पातळ तारा खोल बसतात. नट कापू नका, खाचेत कागदाची बारीक पट्टी घालून पाहा किंवा वेगळा नट करून घ्या. दुसऱ्या कुणी साधी गिटार घेऊन तेच कॉर्ड सोबत वाजवले की दोघांचा मिळून बारा तारांचाच आवाज येतो.

सात तारांची इलेक्ट्रिक गिटार घेतली. सातवी तार दुकानात छान वाटली, पण बँडमध्ये नुसता घुमतो. सूर कळत नाही. फ्रेटवर खरखरतेही. — एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. खरखर आधी काढू, कारण ती गिटारमध्ये आहे; घुमणं बरंचसं ॲम्प्लिफायरमध्ये आणि हातात आहे.

सातवी तार बीला लागते, ६१.७ हर्ट्झ. सहावी ई ८२.४ ची. नेहमीच्या २५.५ इंच लांबीवर बीला ०.०५९ ची तार साधारण साडेसात किलोचा ताण देते, जो सहाव्या तारेच्या जवळपास आहे. तुम्ही सुरुवातीलाच बी उतरवून ए केली असेल तर तो सहा किलोच्या खाली जातो आणि तार लोळते. ए हवाच असेल तर ०.०६२ ते ०.०६४ घाला.

नवा सेट चढवून, ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात लावा आणि मग पुढची कामं याच क्रमाने करा. क्रम चुकवला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे अंगाला मिळते तिथला फ्रेट सातव्या तारेवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. चावी मापाची नसली तर रॉडचा षटकोन गोल होतो आणि मग ते काम महागात पडतं. चावी बसते की फिरते हे आधी बोटांनी तपासा. पाव फेऱ्यानंतर पुन्हा सूर लावा, थोडा वेळ द्या, मग मोजा.

नट: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर तारेखाली कागद जाईल एवढीच फट असावी. ०.०५९ च्या जागी ०.०६४ घातली असेल तर खाच रुंद करावी लागते. न केल्यास तार खाचेच्या वर बसते आणि पहिल्या तीन फ्रेटवर सूर चढा येतो.

तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर सातव्या तारेखाली २ मिलिमीटर, पहिल्या तारेखाली १.५. सातवीला १.५ वर आणायचा मोह होतो, पण जाड तार जास्त फिरते, तिला जागा लागते. तुमची खरखर बहुधा इथेच आहे.

मग सॅडल. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकंच टेकवून येणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर सारखा यावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या. सातवीचं सॅडल बरंच मागे जातं. स्प्रिंगमुळे अडत असेल तर स्प्रिंग कापून लहान करा. सर्वांत शेवटी पिकअप. शेवटचा फ्रेट दाबून सातव्या तारेखाली अडीच ते तीन मिलिमीटर अंतर ठेवा. पिकअप जवळ आला की चुंबक तार ओढतो, सूर डगमगतो आणि तेही ‘घुमणं’ म्हणून ऐकू येतं.

आता बँड. डिस्टॉर्शनमध्ये जाण्याआधीच खालचा आवाज कमी करा. डिस्टॉर्शननंतर बेस कमी करून उपयोग नाही, तोवर चिखल झालेला असतो. सोपा मार्ग म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल आधी लावा: ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर, टोन मध्यावर. इक्वलायझर असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. ‘मग सातवी तार घेतली कशाला’ असं वाटेल, पण कान त्या तारेचा सूर तिच्या वरच्या ध्वनींवरून ओळखतो. ते स्वच्छ ठेवले की तार भरदार वाटते. गेनही घरी ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून न वाजणाऱ्या तारा बंद ठेवायची सवय लावा. पिक १ ते १.५ मिलिमीटरचं घ्या, पण जोर कमी. सैल तार जोरात मारली की पहिल्या क्षणी तिचा सूर चढतो आणि मग खाली येतो. ट्यूनर लावतानाही गाण्यात मारता तेवढ्याच जोराने मारा.

आमच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणारा कुणी नाही. आठ तारांची गिटार घेतली तर त्याची गरज संपेल का? — एक वाचक, संकेश्वर

संपणार नाही. आठवी तार एफ शार्प, ४६.२५ हर्ट्झ, बासची सगळ्यात खालची ई ४१.२. सूर जवळ आहेत, पण बासची लांबी साधारण ३४ इंच आणि आठ तारांच्या गिटारची साधारण २७. एवढ्या आखूड लांबीवर तेवढा सूर येतो, वजन येत नाही. अंगठ्याने बास आणि बोटांनी कॉर्ड अशी दोन्ही कामं अमेरिकन जॅझ वादक चार्ली हंटर यांनी आठ तारांवर केली होती, पण ती वेगळी आणि वर्षानुवर्षांची साधना आहे.

घ्यायचीच असेल तर लांबी २७ इंच किंवा जास्त बघून घ्या. २५.५ वरून २७ वर गेलं की त्याच तारेला त्याच सुरात ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो आणि आठवी तार हाताला लागते. आठवीसाठी ०.०७४ पासून पुढे. जाड तारेसाठी खुंटीचं भोक पुरेसं आहे का, हे आधीच मोजा.

मुलगी दोन वर्षं साधी गिटार शिकते आहे, आता सात तारांची हवी म्हणते. हे फक्त मेटलसाठी असतं ना? घेऊन द्यावी का? — एक पालक, हल्याळ

फक्त मेटलसाठी नाही. रशियात सात तारांची गिटार मोकळ्या जी कॉर्डमध्ये लावायची जुनी परंपरा आहे. ब्राझीलच्या शोरो आणि सांबा संगीतात सातव्या तारेवर खर्जाची स्वतंत्र चाल चालते. तिथे ती तार बहुतेक वेळा सीला लागते. अमेरिकेत जॅझ वादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३० च्या दशकातच सात तारांची गिटार करवून घेतली होती, सातवी तार एला लावून. मेटलशी तिचं नातं जुळलं ते १९९० मध्ये स्टीव्ह वाय यांच्याबरोबर केलेली आयबनेझची गिटार मोठ्या संख्येने बाजारात आल्यानंतर.

मुलीचे बार कॉर्ड स्वच्छ येत असतील तर द्या. नट ४२-४३ ऐवजी साधारण ४८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे अंगठा वर डोकावू न देता नेकच्या मागे ठेवावा लागतो. लहान हाताला हे जमतं, मनगट वाकडं मात्र होऊ देऊ नका. शिकायला सोपी बाजूही आहे: बीला लावलेली सातवी तार दुसऱ्या तारेच्याच नावाची आहे, दोन सप्तकं खाली. दुसऱ्या तारेवरचे स्वर तिला पाठ असतील तर सातवीचेही आलेच.

दुकानात सातवी तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा आणि पहिली व सातवी तार नेकच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. कडेला आलेली पहिली तार वाजवताना फ्रेटवरून घसरते आणि ते नंतर दुरुस्त करणं अवघड.

हवाईयन पद्धतीने गिटारवर राग वाजवतो. तिला सतारीसारख्या तरफा बसवायच्या आहेत. मिरज जवळ असल्याने कारागीर मिळतील. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, कागवाड

तुमच्या जवळ जे आहे ते फार थोड्या गिटारवादकांच्या जवळ असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरफ आणि जवारी (तारेला गुंजन यावं म्हणून घोडीला दिलेला घाट) यांचं तिथलं ज्ञान पिढ्यांचं आहे. पण त्यांचा हात तुंब्याच्या वाद्यावर बसलेला आहे, गिटारच्या पातळ फळीवर नाही, म्हणून मोजमाप तुम्ही घेऊन जा.

विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत बारा तरफा आहेत आणि १९९४ च्या ग्रॅमीनंतर हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. हिशोब असा: ०.००९ ची तार गिटारच्या पूर्ण लांबीवर मध्य सीला लावली तर पावणेचार किलोच्या आसपास ताण येतो. बारा तरफा मिळून ४० ते ५० किलो जास्तीचे. साध्या गिटारवर हे सहा तारांच्या ७४ किलोंवर चढवलं की वर निपाणीच्या वाचकांना सांगितलेलीच गत होईल.

तेव्हा सुरुवात पाच ते सात तरफांवर करा. रागाचे स्वर मिळवायला तेवढ्या पुरतात. राग बदलला की खुंट्या फिरवायच्या. सहा वाजत्या तारा एक ते दोन स्वर खाली लावून ताणाची भरपाई करा. तरफांच्या खुंट्यांसाठी नेकला भोकं पाडू नका; आत ट्रस रॉड आहे आणि नेक आधीच बारीक असते. नेकच्या कडेला सागवानाची किंवा शिसवाची वेगळी पट्टी बसवा आणि खुंट्या तिच्यात घ्या. खालच्या टोकाला तारा फळीवर अडकवण्याऐवजी तळाच्या ठोकळ्यावर पितळी पट्टी बसवून तिला अडकवा, म्हणजे ओढ लाकडाच्या जाड भागावर जाते. तरफांची घोडी वेगळी आणि बुटकी ठेवा, वाजत्या तारांच्या खालून जाईल अशी. तिची जवारी मिरजेतच काढून घ्या.

स्लाइडसाठी वाजत्या तारा नटवर १० मिलिमीटरपर्यंत उचललेल्या लागतात. त्यासाठी नटवर चढणारी धातूची टोपी मिळते, नट काढावा लागत नाही. एवढी उंची असली की जोरात दाबलेला स्लाइडचा रॉडही तरफांना लागत नाही.

पावसाळ्यात बारा तारांच्या गिटारच्या तारा उंच होतात आणि ब्रिजच्या मागे फट दिसते. फेव्हिकॉल भरून चालेल का? — एक वाचिका, जांबोटी

फट दिसली त्याच दिवशी सगळ्या तारा सैल करा, हे पहिलं. मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद आत जातो तिथपर्यंत गोंद सुटला आहे. नुसत्या पॉलिशच्या कडेला तडा असेल तर कागद जाणार नाही, आणि मग घाबरायचं कारण नाही. वरची फळी ब्रिजमागे किंचित फुगलेली असणं बारा तारांच्या गिटारमध्ये नेहमीचं आहे. पावसात लाकूड ओल धरतं, हा फुगवटा वाढतो आणि त्याच्याबरोबर तारा वर येतात.

फटीत वरून गोंद ओतू नका. लाकूडकामाचा पांढरा गोंद सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो. कपाटाला तो चालतो, ११० किलो आडवे ओढणाऱ्या ब्रिजला नाही. झटपट चिकटणारा गोंद त्याहून वाईट, कारण नंतर ब्रिज काढताना फळीच्या चिपा निघतात. ब्रिज गरम करून पूर्ण काढायचा, दोन्हीकडचा जुना गोंद लाकडापर्यंत खरवडायचा, सरस किंवा वाद्यदुरुस्तीचा पिवळा गोंद लावून शिकंज्यात २४ तास ठेवायचा आणि तारा चढवायच्या त्या त्यानंतर आणखी दोन दिवसांनी, आधी एक स्वर खालीच. हे घरी करू नका, वाद्यदुरुस्ती येणाऱ्याकडून करून घ्या.

पुढच्या पावसाळ्यासाठी: जूनच्या आधी गिटार कठीण पेटीत ठेवा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. मापकावर ४५ ते ५५ टक्के हवं. जांबोटीच्या पावसात पुड्या लवकर भरतात. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वाजवून झाल्यावर कापडाची अरुंद पट्टी प्रत्येक जोडीच्या मधून ओढा, कारण वरून पुसताना दोन तारांच्या मधला घाम तसाच राहतो. आणि चार महिने ही गिटार डी ते डीच ठेवा. मार्चमध्ये हवा कोरडी झाली, फळी खाली बसली की मग नेकचा बाक पुन्हा मोजा.